बेळगाव सीमाभागातील वस्तुसंग्रहालये

कर्नाटकातील बेळगाव (अधिकृत नाव बेळगावी) जिल्हा व लगतच्या मराठीभाषक पट्ट्यातील इतिहास, कला व संस्कृतिविषयक संग्रह. हे संग्रह किल्ला, वाडा, छावणी, स्मारके असे विखुरलेले असून काही महत्त्वाच्या वस्तू प्रदेशाबाहेर गेल्या आहेत.

बाहेर गेलेल्या वस्तूंत बेळगाव किल्ल्यातील दोन जुने कन्नड शिलालेख विशेष मोलाचे. ते लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये असून एल. डी. बार्नेट यांनी ‘एपिग्राफिया इंडिका’ या शिलालेखविषयक नियतकालिकात त्यांचे संपादन केले. रट्ट घराण्यातील चौथा कार्तवीर्य व त्याचा धाकटा भाऊ मल्लिकार्जुन वेणुग्रामाहून (आजचे बेळगाव) राज्य करीत असताना, बीचण या मंत्र्याने बांधलेल्या रट्ट जिनालयासाठी (जैन मंदिरासाठी) आचार्य शुभचंद्र भट्टारकांकडे जमिनी सोपविल्याची नोंद त्यांत आहे. लेखांतील शक ११२७ हे गत (पूर्ण झालेले) वर्ष मानल्यास इ. स. १२०५–०६ येते; चालू (सुरू असलेले) मानल्यास १२०४–०५. जोडीला दिलेले रक्ताक्षी संवत्सर (साठ नावांच्या वर्षचक्रातील एक वर्ष) दक्षिणी गणनेनुसार १२०४–०५ मध्येच पडते, त्यानंतरचे वर्ष क्रोधन. त्यामुळे चालू वर्षाचा पक्ष अधिक ग्राह्य ठरतो. किल्ल्यातील कमलबस्तीचा (बस्ती म्हणजे जैन मंदिर) काळही याच आधारे सु. १२०४ धरतात. रट्ट जिनालय म्हणजेच कमलबस्ती, असे सामान्यतः मानले जाते. तथापि किल्ल्यात चिक्कबस्ती ही दुसरी बस्तीही असल्याने हे समीकरण थोडे सावधपणेच घ्यावे. लेख व वास्तू एकत्र वाचल्याखेरीज दोन्ही अपुरी राहतात. बस्तीत गेल्यावर मंडपाच्या मध्यभागी उभे राहून वर पाहावे. छतातून खाली झुकलेल्या दगडी कमळाला ७२ पाकळ्या आहेत. भूत, वर्तमान व भविष्य या तिन्ही काळांतील प्रत्येकी २४ तीर्थंकरांची ही संख्या होय.

कित्तूरच्या किल्ल्यात राणी चेन्नम्मा यांच्या नावाचे शासकीय संग्रहालय आहे. तलवारी, चिलखते, कोरीव लाकडी दारे-खिडक्या, वीरगळ (वीरांच्या स्मरणार्थ उभारलेल्या शिळा) व परिसरातील मूर्ती ही तेथील मुख्य सामग्री. ब्रिटिशांशी झालेल्या २३ ऑक्टोबर १८२४ च्या लढाईत धारवाडचा कलेक्टर थॅकरे येथेच मारला गेला. संग्रहाबरोबर वाड्याचे अवशेषही हिंडून पाहावेत, कारण जोती आणि भिंती डोळ्यांखालून गेल्या की दालनातील दारे-खिडक्या आपापल्या जागी बसतात.

बेळगाव शहरातील मराठा लाइट इन्फंट्रीचे संग्रहालय रेजिमेंटल सेंटरच्या आवारात आहे. भाग लष्करी असल्याने आधी परवानगी काढणे इष्ट. या रेजिमेंटच्या नाईक यशवंत घाडगे (१९४४) व शिपाई नामदेव जाधव (१९४५) यांना इटलीतील लढायांतील पराक्रमाबद्दल व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. घाडगे यांना तो मरणोत्तर. मराठी घरांतून पिढ्यान्‌पिढ्या पलटणीत गेलेल्यांचा हा इतिहास स्थानिक शाळांच्या सहलींत आवर्जून यायला हवा.

रिसालदार गल्लीतील भाटे यांच्या घरी स्वामी विवेकानंद ऑक्टोबर १८९२ मध्ये उतरले होते. ते घर आता रामकृष्ण मिशनकडे असून स्मारक म्हणून जपले आहे. टिळकवाडीतील वीरसौध हे डिसेंबर १९२४ च्या काँग्रेस अधिवेशनाचे स्मारक. महात्मा गांधी अध्यक्ष असलेले ते एकमेव अधिवेशन. अधिवेशनासाठी खोदलेली विहीर जवळच आहे.

खानापूर तालुक्यातील हलशी येथे कदंब राजघराण्याचे ताम्रपट सापडले. गावात आज पाहण्यासारखे भूवराह-नरसिंह मंदिर आहे. सीमाभागाच्या इतर टोकांना बीदरच्या किल्ल्यात पुरातत्त्व संग्रहालय, तर कारवारच्या किनाऱ्यावर ‘चपल’ या निवृत्त क्षेपणास्त्रनौकेचे संग्रहालय आहे.