रावेरचा पोटॅश आणि अरगॉनचं कोडं

जळगाव जिल्ह्यातल्या रावेर-यावल पट्ट्यात केळी निसवली, म्हणजे घड बाहेर पडला, की शेतकरी ठिबकमधून पोटॅश सोडतो. घड भरायचा, फण्यांना वजन यायचं, तर पोटॅश हवाच. पोत्याचा भाव वाढला की त्याची चर्चा पारावर होते; पण त्या पोत्यातल्या पोटॅशिअमने रसायनशास्त्रज्ञांना किती छळलं, हे फारसं कुणी सांगत नाही. आवर्तसारणी जुळली तीही याच्यापाशी आणि अडली तीही याच्यापाशीच.

१८०७ साली लंडनमध्ये हम्फ्री डेव्हीने किंचित ओलसर दाहक पोटॅशमधून वीज सोडली. पोटॅशिअमचे चकचकीत थेंब वर आले; काही तर दिसताक्षणी भडकून फुटले. डेव्ही आनंदाने खोलीभर नाचला, असं त्याच्या मदतनीस चुलतभावाने सांगून ठेवलंय. चाकूने कापता येणारा, पाण्यावर तरंगणारा आणि पाणी लागताच पेटणारा हा धातू! खतात तो क्लोरिनशी बांधलेला असतो, म्हणून ठिबकच्या टाकीत मुकाट विरघळतो.

१८६९ पर्यंत ६३ मूलद्रव्यं ठाऊक झाली होती. त्यांचे अणुभार मांडताना रशियन रसायनशास्त्रज्ञ दमित्री मेंडेलीव्हला एक गोष्ट दिसली. क्लोरिन ३५.५, लगेच पोटॅशिअम ३९. ब्रोमिन ८०, पुढे रुबिडिअम ८५. आयोडिन १२७, पुढे सिझिअम १३३. दर वेळी तीच जोडी: आधी क्लोरिनच्या घराण्यातलं मूलद्रव्य, मागोमाग पोटॅशिअमच्या घराण्यातलं. या जोड्यांभोवती त्याने बाकीची मूलद्रव्यं बसवली, न सापडलेल्यांसाठी जागाही सोडल्या. गॅलिअम १८७५ मध्ये नेमकं अशाच एका जागेवर येऊन बसलं. मला यातलं त्याचं धाडस फार मोठं वाटतं.

मग १८९४ मध्ये रॅली आणि रॅम्से यांना हवेत अरगॉन सापडला. दर शंभर लिटर हवेत जवळपास एक लिटर, तरी तोवर कुणाच्या लक्षात आला नव्हता. त्याची जागा उघडच क्लोरिन आणि पोटॅशिअम यांच्या मध्ये. पण त्याचा अणुभार निघाला ३९.९, म्हणजे पोटॅशिअमच्या ३९.१ पेक्षा जास्त! वजनाप्रमाणे लावलं, तर निष्क्रिय वायू पेटणाऱ्या धातूंच्या रांगेत जाणार. मेंडेलीव्हला तर अरगॉन हे मूलद्रव्य आहे हेच सुरुवातीला पटेना.

उत्तर १९१३-१४ मध्ये हेन्री मोस्लीच्या क्ष-किरणांच्या प्रयोगांतून आलं. क्रम ठरतो तो केंद्रकावरच्या धनभारावरून, म्हणजे आज आपण म्हणतो त्या प्रोटॉनच्या संख्येवरून. अरगॉन १८, पोटॅशिअम १९. प्रश्न मिटला. पुढच्याच वर्षी, अवघ्या सत्ताविसाव्या वर्षी, मोस्ली गॅलिपोलीच्या लढाईत मारला गेला.

पण अरगॉन इतका जड का? याचं उत्तरही पोटॅशिअमच देतो. दर दहा हजार पोटॅशिअम अणूंमध्ये साधारण एक अणू किरणोत्सारी पोटॅशिअम-४० चा असतो. त्याचा अर्धायुष्यकाल, म्हणजे निम्मे अणू फुटायला लागणारा काळ, सुमारे १२५ कोटी वर्षं. त्यातले बहुतेक अणू कॅल्शिअम होतात, दहातला एखादा अरगॉन-४० होतो. पृथ्वीच्या पोटातल्या खडकांतून असा झिरपलेला वायू साचत गेला आणि आज हवेतला जवळजवळ सगळा अरगॉन त्याच जड प्रकारचा आहे.

सातपुडा आणि अजिंठ्याच्या रांगांमधला काळा बेसॉल्टही याच पोटॅशिअमवर वय सांगतो. लाव्हा पातळ असताना अरगॉन निसटून जातो. थिजल्यावर तयार झालेला मात्र खडकातच अडकतो. तो मोजून दख्खनच्या लाव्ह्याचं वय सुमारे ६.६ कोटी वर्षं येतं.

केळ्यातही पोटॅशिअम-४० असतंच. एका केळ्यात दर सेकंदाला साधारण पंधरा अणू फुटतात. घाबरायचं कारण नाही: आपल्या स्वतःच्या शरीरात सेकंदाला चार हजारांवर फुटत असतात, आणि जास्तीचं पोटॅशिअम निरोगी मूत्रपिंडं बाहेर टाकून देतात.