पार्श्वभूमी : जनगणनेच्या रकान्यांतले हिस्पॅनिक पूर्वज

२०२० च्या अमेरिकी जनगणनेत ६ कोटी २१ लाख लोक हिस्पॅनिक, म्हणजे मूळचे स्पेन किंवा स्पॅनिश भाषक देशांतले, म्हणून मोजले गेले. त्यांच्यातला कुणी पणजोबांचा माग काढायला बसला, तर जुन्या फॉर्मवर त्याला हा वर्गच दिसत नाही. एका दशकात रकाना कोरा, दुसऱ्यात ‘मेक्सिकन’, तिसऱ्यात ‘गोरा’. माणूस तोच, गाव तेच. बदलत गेले ते प्रगणकाच्या हातातले सूचनापुस्तक.

आधी एक खुलासा. आपल्याकडे जनगणनेत घरोघरी भरलेले फॉर्म कायद्याने गोपनीय असतात आणि नातवंडांनाही ते पाहायला मिळत नाहीत. अमेरिकेत मात्र ७२ वर्षांनी ते नावानिशी खुले होतात. १९५० चे फॉर्म १ एप्रिल २०२२ रोजी उघडले. म्हणून तिथल्या वंशशोधाची सुरुवात बहुधा जनगणनेपासूनच होते.

हिस्पॅनिक घराण्यांची गुंतागुंत सुरू होते १८४८ मध्ये. अमेरिका-मेक्सिको युद्ध संपवणाऱ्या ग्वादालूप हिदाल्गोच्या तहाने मेक्सिकोचा निम्म्याहून अधिक प्रदेश अमेरिकेकडे गेला. तिथे राहिलेल्यांनी वर्षभरात मेक्सिकोचे नागरिकत्व निवडले नाही, तर ते अमेरिकी नागरिक धरले जाणार होते. त्या काळी परदेशातून आलेल्यांत नागरिकत्व मिळायचे ते फक्त गोऱ्यांना. त्यामुळे हे नवे नागरिक निदान कागदावर तरी गोरे ठरले. दोनच वर्षांनी झालेली १८५० ची जनगणना ही प्रत्येक स्वतंत्र व्यक्तीचे नाव आणि जन्मस्थान लिहिणारी पहिली. माणूस गोरा असेल तर वर्णाचा रकाना मोकळा सोडा, अशी त्यात सूचना होती. तेव्हा न्यू मेक्सिकोतल्या सांता फेच्या एखाद्या शेतकऱ्यापुढे तो कोरा दिसला, तर प्रगणक विसरला असे समजू नये. जन्मस्थान मात्र कुठे ‘मेक्सिको’ तर कुठे ‘न्यू मेक्सिको’ असे सापडते. घर न सोडताच देश बदललेल्या माणसाचे जन्मस्थान लिहायचे तरी काय?

अर्थात वर्णाची ही सरकारी लवचिकता अमेरिकेने आणलेली नाही. स्पेनच्या अमदानीत ‘पाद्रोन’ नावाच्या रहिवाशांच्या याद्या व्हायच्या. १७८१ च्या लॉस एंजेलिसच्या यादीत गाव वसवणारे ४४ जण आहेत, आणि प्रत्येक प्रौढापुढे एस्पान्योल (स्पॅनिश), मेस्तिसो (स्पॅनिश-इंडियन मिश्र), मुलातो (आफ्रिकी मिश्र), इंडियो (मूळ रहिवासी) अशी जात लिहिली आहे. निम्म्याहून अधिक जण आफ्रिकी वंशाचे होते. नऊ वर्षांनी पुन्हा यादी झाली, तेव्हा त्यांतले काही जण वरच्या पायरीवर सरकलेले दिसतात. जमीन मिळाली, गुरे वाढली, जातही सुधारली. कॅरिबियनमधल्या पुएर्तो रिको बेटावर अमेरिकी अमलाखाली असेच झाले. १९१० मध्ये तिथे गोऱ्यांचे प्रमाण सुमारे ६५ टक्के होते, ते १९२० मध्ये ७३ वर गेले. एवढा फरक नुसत्या जन्म-मृत्यूने पडत नाही.

सगळ्यात जपून वाचावी ती १९३० ची जनगणना. त्या एकाच वर्षी ‘मेक्सिकन’ हा स्वतंत्र वंश मानला गेला. स्वतः किंवा आईवडील मेक्सिकोत जन्मलेले आणि ‘निश्चितपणे’ गोरे, काळे, इंडियन (अमेरिकेचे मूळ रहिवासी), चिनी वा जपानी नसलेले, अशा सर्वांपुढे ‘मेक्स’ लिहायचे. निश्चित काय ते ठरवणार दारात उभा असलेला प्रगणक. चौदा लाखांवर लोक या रकान्यात गेले. न्यू मेक्सिकोतली पिढ्यान्‌पिढ्या स्पॅनिश बोलणारी कितीतरी घराणी मात्र सुटली, कारण त्यांचे आईवडील इथेच जन्मलेले. एकाच गल्लीत, एकच भाषा बोलणाऱ्या दोन शेजाऱ्यांचे वंश कागदावर वेगळे झाले.

याच फॉर्मांत भारतीय वाचकाला थबकवणारी एक जागा आहे. कॅलिफोर्नियाच्या इम्पीरियल व्हॅलीत पंजाबी शेतकऱ्यांनी मेक्सिकन बायकांशी लग्ने केली होती. गोऱ्या बाईशी लग्नाला कायद्याची आडकाठी होती आणि मायदेशाहून बायको आणण्याची सोय नव्हती. १९३० च्या यादीत भारतीयांसाठी ‘हिंदू’ हा वंश होता, मग माणूस शीख असो वा मुसलमान. दोन गौरेतर वंशांच्या संततीला बापाचा वंश लावायचा, असा नियम. म्हणजे घरात स्पॅनिश बोलणारी, आईसोबत चर्चला जाणारी मुले नियमाप्रमाणे ‘हिंदू’! त्यांच्या नातवंडांनी फक्त वंशाचा रकाना चाळला, तर मेक्सिकन आजी हातून निसटलीच.

‘मेक्स’वर मेक्सिकोच्या सरकारने आणि १९२९ मध्ये टेक्सासात स्थापन झालेल्या लीग ऑफ युनायटेड लॅटिन अमेरिकन सिटिझन्सने जोरदार हरकत घेतली. गोरेपणावर नागरिकत्वाचा हक्क टेकलेला असताना वेगळा वंश म्हणजे धोकाच होता. १९४० मध्ये मेक्सिकन पुन्हा गोरे झाले. शोधणाऱ्याला मात्र तिथे दुसरीच अडचण येते. मंदीच्या त्या दहा वर्षांत लाखो मेक्सिकनांना, त्यात अमेरिकेत जन्मलेल्या कितीतरी मुलांना, सीमेपलीकडे धाडले गेले. १९३० मध्ये असलेले कुटुंब १९४० मध्ये गायब असेल, तर मृत्यूची नोंद धुंडाळण्याआधी हे आठवावे.

माझ्या मते या शोधात वंशाच्या रकान्यावर सर्वांत कमी विसंबावे. १८८० पासून आईवडिलांचे जन्मस्थान मिळते. १९१० मध्ये इंग्रजी न येणाऱ्याची भाषा लिहिली आहे, आणि तिथला ‘स्पॅनिश’ हा एक शब्द वर्णाच्या नोंदीपेक्षा जास्त बोलतो. नावांशी झुंज द्यावीच लागते. स्पॅनिश रीतीने आधी वडिलांचे आडनाव, मग आईचे. ‘गार्सिया लोपेझ’मधले शेवटचे तेच आडनाव असे समजून प्रगणकाने लोपेझ लिहिले, की सूचीत गार्सिया सापडत नाही. हुआनचा जॉन होतो. अशा वेळी नावाचा नाद सोडून त्या वस्तीची पाने एकेक करून उलटावीत. शेजारी ओळखीचे निघतात.

पुढची दशके सरकारही चाचपडतच होते. १९५० आणि १९६० मध्ये नैऋत्येच्या पाच राज्यांत स्पॅनिश आडनावांवरून मोजणी झाली. १९७० मध्ये पाच टक्के लोकांना थेट मूळ विचारले, तर देशाच्या मध्य आणि दक्षिण भागातल्या अनेकांनी ‘मध्य किंवा दक्षिण अमेरिकी’वर खूण करून ठेवली. १९७६ मध्ये लॉस एंजेलिसचे खासदार एडवर्ड रॉयबल यांच्या पुढाकाराने या लोकसमूहाची आकडेवारी गोळा करण्याचा कायदा झाला. १९८० मध्ये हिस्पॅनिक मुळाचा प्रश्न प्रथमच प्रत्येकाला विचारला गेला आणि उत्तर आले १ कोटी ४६ लाख. वंश आणि हिस्पॅनिक मूळ हे दोन्ही एकाच प्रश्नात घ्यायचे, असे मार्च २०२४ मध्ये ठरले आहे.

१९६० चे फॉर्म २०३२ मध्ये उघडतील. आजीने हिस्पॅनिक मुळाच्या प्रश्नासमोर स्वतःच्या हाताने कुठे खूण केली हे ज्याला पाहायचे आहे, त्याला १९८० च्या फॉर्मसाठी २०५२ पर्यंत थांबावे लागेल.