पिवळी आहे म्हणून अस्सल? फाल्कनची तबकडी घेण्याआधी

केनर या खेळणी कंपनीचं १९७९ चं मिलेनियम फाल्कन, म्हणजे 'स्टार वॉर्स'मधल्या अंतराळयानाचं खेळणं, हाती लागतं तेव्हा बरेचदा छतावरची रडारची तबकडी गायब असते. मग शोधाशोध, आणि दरवेळी तोच युक्तिवाद: "पिवळी पडलीये, म्हणजे ओरिजिनलच!" नाही हो.

ओरिजिनल म्हणजे केनरने त्या काळी काढलेली, रिप्रो म्हणजे नंतर कुणीतरी केलेली नक्कल. किमतीचा फरक तर उघडच आहे. (१९९५ मध्ये केनरनेच जुन्या साच्यांवर बेतलेलं फाल्कन पुन्हा आणलं. त्याची तबकडी कंपनीची खरी, पण १९७९ ची नव्हे.) घोडं अडतं ते ओळखण्यात.

रंग हा पुरावाच नव्हे. जुनं प्लॅस्टिक उन्हाने पिवळं पडतं खरं, पण ती छटा चहाच्या पाण्यातही आणता येते. मग जरा जाणकार मंडळी तबकडी उलटी करून साच्याच्या खुणा शोधतात, आणि खरी फसगत इथेच होते. रेझिनची (ओतल्यावर घट्ट होणाऱ्या द्रव प्लॅस्टिकची) नक्कल ओततात ती अस्सल तबकडीवरूनच घेतलेल्या सिलिकॉनच्या साच्यात. त्यामुळे जोडरेषा, इजेक्टर पिनांचे (साच्यातून वस्तू बाहेर ढकलणाऱ्या दांड्यांचे) गोल ठसे, मूळ तबकडीवरचा ओरखडासुद्धा तिच्यात जसाच्या तसा उतरतो. म्हणून खुणा काय आहेत ते सोडा आणि माल कसला आहे ते बघा. भिंगाखाली कडेला सुईच्या टोकाएवढी भोकं दिसली, तर ते हवेचे बुडबुडे, म्हणजे रेझिन. शिवाय रेझिन घट्ट होताना किंचित आकसतं. व्हर्नियरने व्यास मोजून खात्रीच्या तबकडीशी ताडून पाहा. थ्रीडी प्रिंट थरांच्या रेषांवरून कळते, घासलेली नसेल तर. सगळ्यात अवघड इंजेक्शन मोल्डिंगची रिप्रो, म्हणजे अस्सलसारखीच वितळलेलं प्लॅस्टिक साच्यात दाबून भरून केलेली. तिथे अस्सल तबकडी शेजारी ठेवल्याशिवाय छातीठोकपणे काही बोलू नये.

आणि ते "पाण्यात टाका, तरंगली तर खरी" कृपया बंद करा. ती युक्ती बाहुल्यांच्या चिमुकल्या हत्यारांसाठी निघाली, आणि तिथेही बेभरवशाचीच.

मला रिप्रोचं वावडं नाही. तबकडीसाठी दुसरं धडधाकट फाल्कन मोडण्यापेक्षा रिप्रो शंभरदा बरी. फक्त ती चिकटवू नका, नुसती दाबून बसवा. इन्स्टंट ग्लूच्या वाफेने कॉकपिटच्या पारदर्शक झाकणावर पांढरी झाक चढते ती वेगळीच. आणि बसवण्याआधी खालच्या बाजूला पर्मनंट मार्करने 'रिप्रो' लिहून टाका.