वजन दोन्ही पारड्यांत

घसरगुंडीच्या टोकाला एक गुबगुबीत आणि एक किडकिडीत मूल बसलं की खाली उभं कुणीतरी हमखास सांगतं, जाडा आधी पोचणार. कधीकधी तो पोचतोही, आणि मग "वजन जास्त ना!" म्हणून निकाल लागतो. पण त्याचं श्रेय बहुधा त्याच्या पँटच्या कापडाला द्यायला हवं.

वजन मुलाला खाली ओढतं हे खरंच. मात्र तेच वजन त्याला पृष्ठभागावर दाबतंही, आणि दाब जितका जास्त तितकं घर्षण जास्त. वजन दुप्पट, तर ओढ दुप्पट, अडथळा दुप्पट आणि हलवायचं वस्तुमानही दुप्पट. हिशेबातून वस्तुमान साफ निघून जातं. उरतं ते एवढंच :

त्वरण = ९.८ × (साइन कोन − म्यू × कोसाइन कोन)

यातला कोन उताराचा, आणि म्यू म्हणजे घर्षण गुणांक. तो दोन पृष्ठभागांच्या जोडीवर ठरतो.

घरी करून बघा. फळीवर पुठ्ठ्याची वही ठेवून एक टोक हळूहळू उचलायचं. माझ्याकडच्या फळीवर वही साधारण २२ अंशांपर्यंत ढिम्म हलत नाही. सुटण्याच्या बेताला त्वरण शून्य असतं, म्हणून म्यू म्हणजे साइन भागिले कोसाइन, अर्थात या कोनाचा टॅन, ०.४. हा झाला स्थितिक, म्हणजे वस्तू थांबलेली असतानाचा, घर्षण गुणांक. कोनमापकाशिवाय दुसरं उपकरण लागलं नाही. पण खरी गंमत पुढे आहे. सुटल्यावर वही रेंगाळत उतरत नाही, सरळ धावत सुटते. कारण घसरू लागल्यावर गुणांक घटतो. तो ०.३ झाला असं धरलं, तर त्याच कोनात त्वरण सेकंदाला सेकंदामागे सुमारे ०.९ मीटर येतं आणि वही एक मीटरची फळी दीड सेकंदात पार करते. घर्षण मुळीच नसतं तर हेच त्वरण ३.७ झालं असतं.

आता वही फळीवर आडवी ठेवा किंवा कडेवर उभी करा, सुटण्याचा कोन जवळपास तोच. टेकणाऱ्या भागाचं क्षेत्रफळ कितीतरी कमी झालं, तरी घर्षण तेवढंच! लिओनार्दो द विंचीच्या टिपणवह्यांत हे निरीक्षण आहे, आणि १६९९ मध्ये आमोंताँ या फ्रेंच संशोधकाने ते पुन्हा मांडलं. कारण मात्र विसाव्या शतकात बाउडन आणि टेबर या संशोधक जोडीने नीट उलगडलं, आणि ते मला अजूनही जादूइतकंच आवडतं.

आरशासारखा चकचकीत पोलादी पृष्ठभागही सूक्ष्मदर्शकाखाली टेंगळाटेंगळांचा दिसतो. दोन पृष्ठभाग टेकतात ते फक्त उंच टेंगळांच्या शेंड्यांवर. एक किलोचा, दहा सेंटिमीटर बाजूचा चौरस, चपटा पोलादी ठोकळा पोलादी पाटावर आडवा ठेवला, तर दिसायला १०,००० चौरस मिलिमीटर टेकलेत. प्रत्यक्षात शेंडे चेपत जातात आणि भार पेलण्याइतकं क्षेत्रफळ झालं की थांबतात. पोलादाची कठीणता बघता ते भरतं साधारण एका चौरस मिलिमीटरचा शंभरावा भाग, म्हणजे दिसतं त्याच्या दहा लाखांतला एक! ठोकळा उभा केला तर शेंडे कमी, पण प्रत्येकावर भार जास्त, म्हणून ते जास्त चेपतात आणि बेरीज तीच. भार दुप्पट केला तर खरं क्षेत्रफळ दुप्पट. हे चिकटलेले शेंडे कातरायला लागणारं बल म्हणजेच घर्षण. तेव्हा म्यू म्हणजे दर चौरस मिलिमीटरला लागणाऱ्या कातरबलाला कठीणतेने भागून आलेला आकडा, आणि त्या भागाकारात वजन आणि आकार दोन्ही उडून जातात. (शेंडे कायमचे न चेपता लवचीकपणे दबले तर गणित जास्त गुंतागुंतीचं होतं, पण शेंडे असंख्य असले की निष्कर्ष जवळजवळ तोच निघतो.) वस्तू जितका वेळ स्थिर, तितके शेंडे हळूहळू आणखी बसतात, सुरुवातीचा तो हट्ट त्यातूनच येतो.

रबर मात्र या नियमाला नीट जुमानत नाही. शर्यतीच्या गाड्यांचे टायर रुंद असतात, त्यामागचं एक कारण हेच.

घर्षण कमी झालं की भुताटकीही सुचते. कॅलिफोर्नियातल्या डेथ व्हॅलीच्या सपाट कोरड्या तळ्यात दगड मागे लांब रेघा सोडत सरकतात. त्यावर चुंबकापासून परग्रहवासीयांपर्यंत सगळं सांगून झालं होतं. २०१४ मध्ये संशोधकांनी प्रत्यक्ष पाहून लिहिलं : उथळ पाण्यावर काही मिलिमीटर जाडीचा बर्फ, तो फुटून वाऱ्याने ढकलला जातो, खाली भिजलेला निसरडा चिखल, आणि दगड मिनिटाला काही मीटर सरकतात. बस्स, एवढंच.

सपाट रस्त्यावर साइनचं पद शून्य होतं आणि ब्रेकमुळे चाकं फिरायची थांबलेली गाडी फक्त घर्षणाने थांबते. गुणांक ०.७ असेल तर ताशी ६० किलोमीटर वेगाची गाडी २० मीटर घसरते. रस्ता ओला होऊन तो निम्मा झाला की ४०. अपघाताचा तपास करणारे म्हणूनच टायरच्या खुणा टेपने मोजतात आणि वेग काढतात. या हिशेबात गाडीत किती माणसं बसली होती हे त्यांना विचारावं लागत नाही.