ॲक्झोलॉटलची वीण: जेलीआडचे पंधरा दिवस

कोंबडीच्या अंड्यात पिल्लू कसं घडतं ते पाहायचं तर कवच फोडावं लागतं, आणि फोडलं की बहुधा घडणंच थांबतं. ॲक्झोलॉटलच्या अंड्याला कवचच नाही. भिजवलेली सब्जाची बी डोळ्यांसमोर आणा: मधे दोन मिलिमीटरचा काळा गोळा आणि भोवती पारदर्शक जेली. दहापट मोठं दाखवणारं साधं भिंग घेतलं की आतला सगळा कारभार दिसतो.

ॲक्झोलॉटल हा मेक्सिको सिटीतल्या सोचिमिल्को भागातल्या कालव्यांचा सॅलॅमँडर, म्हणजे शेपटीवाला उभयचर. बेडकाच्या भाईबंदांपैकी असूनही तो सहसा जमिनीवर येत नाही; कल्ले आणि शेपटीचा पडदा तसेच ठेवून, म्हणजे अळीच्याच रूपात, वयात येतो. 1864 मध्ये मेक्सिकोहून 34 ॲक्झोलॉटल पॅरिसला आणले गेले. त्यांतले सहा ऑग्यूस्त द्युमेरिल या प्राणिशास्त्रज्ञाकडे आले आणि पुढच्याच वर्षी त्यांची वीण झाली. तेव्हापासून हा प्राणी प्रयोगशाळेत टिकून आहे. मूळ गावी मात्र तो आता जेमतेम उरला आहे.

नर ओळखायला सोपा. मागच्या पायांच्या मागे, शेपटीच्या मुळाशी असलेल्या अवस्कराच्या (मलमूत्र आणि वीण या दोन्हींसाठीच्या एकाच छिद्राच्या) दोन्ही बाजू त्याच्यात टम्म फुगलेल्या असतात. मादीत ती जागा सपाट असते, पण पोट दोन्ही अंगांना गोल सुटलेलं दिसतं. वर्षभरात दोघं वयात येतात, तरी मादी दीड वर्षाची होईपर्यंत थांबावं. अंडी घडवण्यात तिची बरीच ताकद जाते. भावंडांची जोडी लावू नये. काही आठवडे दोघांना वेगळं ठेवून मग नेहमीपेक्षा चार-पाच अंश थंड, म्हणजे 14 ते 16 अंश सेल्सिअसच्या पाण्यात एकत्र सोडलं, तर बहुधा पहिल्या एक-दोन रात्रींतच हालचाल सुरू होते. मुंबई-पुण्याच्या उन्हाळ्यात हे चिलरशिवाय जमत नाही. बर्फाच्या बाटल्या टाकून पाणी थंड करणारे असतात, पण त्यात तापमान सारखं वरखाली होतं आणि प्राणी आजारी पडतो.

टाकीच्या तळाशी खरखरीत, सपाट दगड हवेत. शाळेतल्या जुन्या दगडी पाटीचे तुकडेही चालतात, कडा तेवढ्या घासून घ्याव्यात. नर शेपूट हलवत पुढे चालतो आणि दगडावर जेलीचा छोटा सुळका चिकटवतो; त्याच्या टोकावर शुक्राणूंची पांढरी टोपी असते. एका रात्रीत असे पाचपासून वीस-पंचवीस सुळके होतात. मागून येणारी मादी त्यावर बसून टोपी अवस्करात ओढून घेते. फलन तिच्या शरीरातच होतं. काच गुळगुळीत असेल तर सुळका धड चिकटत नाही, आणि ‘जोडी नाचली, पण अंडी रिकामी निघाली’ या तक्रारीमागे पुष्कळदा हेच असतं.

बारा तास ते दोन दिवसांत मादी टाकीतल्या पाणवनस्पतींच्या पानापानावर अंडी चिकटवू लागते. शंभरापासून हजारापर्यंत कितीही. ती थांबली की आईबापांना बाहेर काढावं, नाहीतर तेच अंडी खातात. पुढचे दोन-तीन महिने तरी मादीला नराजवळ जाऊ देऊ नये.

अंडी उथळ भांड्यात, क्लोरीन घालवलेल्या पाण्यात, एकमेकांवर न रचता ठेवायची. रचली की मधल्यांना प्राणवायू पुरत नाही. अर्धं पाणी दररोज बदलावं. मेलेलं अंडं दुधाळ होतं, त्यावर बुरशीचा कापूस येतो आणि तो शेजाऱ्यांना धरतो; ड्रॉपरने लगेच उचलावं. पण पांढरं दिसलं म्हणून फेकायची घाई नको. अंड्याचा काळा रंग आईकडून येतो. आई अल्बिनो, म्हणजे काळं रंगद्रव्य नसलेली, असेल तर बाप काळा असला तरी सगळी अंडी पांढरीच निघतात, आणि ती जिवंत असतात. भिंगातून भेगा दिसतात का ते पाहावं.

पहिली भेग काही तासांत काळ्या टोकाकडून उमटते: दोन पेशी, मग चार, आठ. 20 अंशांना सुरुवातीच्या प्रत्येक विभाजनाला दीड-दोन तास लागतात. दिवस संपेतो गोळा तुतीसारखा दिसतो. दुसऱ्या दिवशी फिकट अर्ध्या भागावर चंद्रकोरीसारखी खाच पडते, तिचं हळूहळू वर्तुळ होतं आणि वरच्या पेशी त्यातून आत सरकू लागतात.

एकच दिवस जागायचं असेल तर तिसरा निवडावा. गोळ्याच्या पाठीवर चपलेच्या तळव्याच्या आकाराची चपटी पट्टी उठते. तिच्या कडा वर येतात, करंजीच्या कडांसारख्या एकमेकींकडे झुकतात आणि मधोमध मिटतात. आत जी नळी बंद झाली, तिचाच पुढे मेंदू आणि मज्जारज्जू होतो. दर अर्ध्या तासाने पाहिलं तर फरक कळतो. त्यानंतर गोळा लांबतो, डोळ्यांचे फुगवटे आणि शेपटीचा कोंब येतो. आठवडाभरात गर्भ झटके देऊ लागतो आणि गळ्याखाली हृदयाची धडधड दिसते. दुसऱ्या आठवड्यात कल्ल्यांना फांद्या फुटतात आणि त्यांतून रक्तपेशी ओळीने पळताना दिसतात.

20 अंशांना अंडी साधारण दोन आठवड्यांत फुटतात, 16 अंशांना तीन आठवड्यांच्या आसपास. 24 च्या वर गेलं की बिघडलेल्या गर्भांची संख्या वाढते.

किती वाढवायची हे पहिल्या दोन दिवसांतच ठरवावं आणि जास्तीची अंडी, मज्जासंस्था घडण्याआधी, फ्रीझरमध्ये टाकावीत. कठोर वाटतं, पण चारशे पिल्लांना रोज जिवंत खाद्य घालणं घरात शक्य नसतं. शिवाय ॲक्झोलॉटल सायटेस या, वन्य जीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे. 2022 च्या दुरुस्तीनंतर अशा प्रजाती आपल्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या चौथ्या अनुसूचीत आल्या. त्यामुळे पाळणाऱ्याला नोंदणी करावी लागते आणि पिल्लं झाली तर तेही कळवावं लागतं. उरलेली अंडी तळ्यात-नदीत सोडणं तर नकोच.

नुकतं निघालेलं पिल्लू सेंटिमीटरभर लांब असतं. दोन-तीन दिवस पोटातल्या बलकावर भागतं, मग हलणारं खाद्यच तोंडात घेतं. अंड्यातून ताजे फुटलेले ब्राइन श्रिंप, म्हणजे खाऱ्या पाण्यातले कोळंबीसारखे बारीक जीव, सर्वांत सोयीचे. त्यांच्या अंड्यांना लिटरभर पाण्यात 25 ग्रॅम मीठ, 26 ते 28 अंश, सतत हवा आणि उजेड, चोवीस तासांत तयार. बारीक कापडातून गाळून गोड्या पाण्याने धुवावेत. न खाल्लेले काही तासांत मरतात आणि पाणी नासतं. पिल्लं दगावण्याचं मुख्य कारण उपासमार नव्हे, हे नासलेलं पाणी.

दोन सेंटिमीटरला पुढचे पाय फुटतात आणि भांडणं सुरू होतात. शेजाऱ्याचं जे हलेल ते चावायचं. लहानमोठी पिल्लं वेगळी केली तर हे कमी होतं, थांबत मात्र नाही. तुटलेल्या पायाच्या जागी आधी फिकट फुगवटा येतो, मग वल्ह्यासारखा चपटा पंजा, आणि काही आठवड्यांत त्यातून बोटं वेगळी होतात: पुढे चार, मागे पाच.