मोतीबिंदूसारखं एकदाच का होत नाही?

"एकदाच काय ते ऑपरेशन करून टाका की!" कोल्हापुरातल्या सत्तरीपुढच्या माणसाला डोळ्यात इंजेक्शन घ्यायला सांगितलं, की त्याच्या तोंडून बहुधा हेच येतं. त्याचं चूक नाही. मोतीबिंदू निघाला, भिंग बसलं, विषय संपला, हे त्यानं घरात पाहिलेलं असतं. पण मॅक्युलाची झीज त्या हिशेबात बसत नाही.

मॅक्युला म्हणजे डोळ्याच्या पडद्याचा मधला जेमतेम साडेपाच मिलिमीटरचा भाग. वाचणं, सुईत दोरा ओवणं, चेहरा ओळखणं, सगळं त्याच्या जिवावर. तो बिघडला तरी माणूस रंकाळ्यावर फेरी मारून येतो. समोरून रामराम कोणी घातला, एवढंच कळत नाही.

ऑटो हाब यांनी 1885 साली या म्हातारपणच्या झिजेचं वर्णन केलं. पुढं जवळजवळ शंभर वर्षं डॉक्टरांच्या हाती वाचायला भिंग देण्यापलीकडं फारसं काही नव्हतं. 1961 मध्ये नोवोत्नी आणि अल्विस या अमेरिकेतल्या दोन वैद्यकीय विद्यार्थ्यांनी शिरेतून रंग सोडून पडद्याच्या रक्तवाहिन्यांचे फोटो काढले. झिजेच्या 'ओल्या' प्रकारात पडद्याखाली नव्या, कच्च्या वाहिन्या फुटतात आणि गळतात. ही गळती आता फोटोत धरता येऊ लागली. मग लेझर आला. तो वाहिनी जाळायचा, पण तिच्यावरचा पडदाही जाळायचा. गळती बरोबर मध्यावर असली तर उपचारच काळा डाग ठेवून जायचा. 2000 साली आलेल्या व्हर्टेपॉर्फिन या प्रकाशानं जागं होणाऱ्या औषधानं जळणं टळलं, नजर मात्र क्वचितच परतली.

खरी कलाटणी कर्करोगाच्या संशोधनातून मिळाली. गाठ वाढते ती नव्या रक्तवाहिन्यांच्या जोरावर, तेव्हा त्यांनाच रोखा, असं ज्यूडा फोकमन यांनी 1971 मध्ये मांडलं. 1989 मध्ये नेपोलिओने फेरारा यांच्या गटानं वाहिन्या वाढवणारं व्हीईजीएफ हे प्रथिन वेगळं केलं. त्याला अडवणारं बेव्हॅसिझुमॅब 2004 मध्ये अमेरिकेत आतड्याच्या कर्करोगासाठी मंजूर झालं आणि पुढच्याच वर्षी मायामीत फिलिप रोझेनफेल्ड यांनी त्याचा थेंबभर डोस डोळ्यात दिला. खास डोळ्यासाठी बनवलेलं रॅनिबिझुमॅब 2006 चं. त्याच्या चाचणीत सुमारे एक तृतीयांश रुग्णांना तक्त्यावरच्या तीन ओळी जास्त वाचता आल्या. नजर परत येते, हे पहिल्यांदाच आकड्यांत दिसलं.

2011 मध्ये दोन्ही औषधं जवळपास तोडीस तोड ठरली. खिशाकडं बघून उपचार ठरवणाऱ्या आपल्यासारख्यांना हा निकाल सगळ्यात मोलाचा. कर्करोगाच्या औषधाच्या, म्हणजे बेव्हॅसिझुमॅबच्या, एका कुपीतून अनेक डोळ्यांचे डोस निघतात, म्हणून ते स्वस्त पडतं. डोस वेगळे करताना जंतूंपासून कडेकोट जपावं लागतं, ही त्यातली मेख.

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडं. औषध व्हीईजीएफला अडवतं, ते तयार होणं थांबवत नाही. काही आठवड्यांत औषध ओसरतं आणि गळती पुन्हा डोकं वर काढते. म्हणून आधी महिन्याला एक अशी साधारण तीन इंजेक्शनं, मग हळूहळू अंतर वाढवायचं. 2022 चं फॅरिसिमॅब हा ते अंतर आणखी ताणण्याचाच प्रयत्न.

'कोरड्या', म्हणजे वाहिन्या न गळणाऱ्या, प्रकाराला ही इंजेक्शनं चालत नाहीत. 2001 च्या अमेरिकी अभ्यासात जीवनसत्त्वं आणि जस्ताच्या गोळ्यांनी मध्यम टप्प्यातल्या रुग्णांचा पुढचा धोका सुमारे 25 टक्क्यांनी घटला. त्यातलं बीटा-कॅरोटीन विडी-सिगारेट ओढणाऱ्यांना फुप्फुसाच्या कर्करोगाकडं नेऊ शकतं, म्हणून 2013 पासून त्याच्या जागी ल्युटीन आणि झियाझँथिन आलं. निपाणीची तंबाखू शेजारी असलेल्या मुलखात आपण ओढतो हे डॉक्टरला आपणहून सांगावं. धूर या झिजेलाही खतपाणी घालतो.

मोतीबिंदूनं लावलेली आणखी एक सवय म्हणजे 'पिकू दे, मग बघू'. ओल्या प्रकारात थांबलं तर गळतीखाली व्रण धरतो, आणि व्रणावर इंजेक्शनचा इलाज नाही. एक डोळा झाकून दाराची चौकट वाकडी दिसते का बघावी, मग दुसरा झाकून. दोन्ही उघडे असले की चांगला डोळा बिघडलेल्याचं वाकडं सरळ करून दाखवतो.