अकराव्या ताशी आलेल्याची मजुरी

सकाळी आठच्या सुमाराला ठाण्यातल्या कुठल्याही मजूर नाक्यावर जाऊन पाहा. थापी, घमेलं, रंगाचे ब्रश समोर ठेवून माणसं मुकादमाची वाट बघत असतात. नऊ-साडेनऊपर्यंत बरीचशी कामाला लागतात. दुपारी बारा वाजताही जो तिथेच बसलेला असतो, त्याचा खाडा पडल्यात जमा असतो.

येशूने सांगितलेली एक गोष्ट अशाच नाक्यावर सुरू होते. ती मत्तयाच्या शुभवर्तमानात विसाव्या अध्यायात आहे. द्राक्षमळ्याचा मालक पहाटे एका दीनारावर, म्हणजे एका दिवसाच्या रोजावर, मजूर ठरवतो. पुन्हा तिसऱ्या, सहाव्या, नवव्या ताशी येतो. शेवटी येतो अकराव्या ताशी, म्हणजे आपले संध्याकाळचे पाच. ‘इथे दिवसभर रिकामे का उभे राहिलात?’ या प्रश्नाला उरलेले उत्तर देतात, ‘आम्हाला कुणी कामावर लावलंच नाही.’ दिवस मावळल्यावर सगळ्यांच्या हातावर तोच एक दीनार पडतो. पहाटेपासून उन्हात राबलेले कुरकुर करतात, आणि ती कुरकुर मला दर वेळी रास्तच वाटते. ख्रिस्ती श्रद्धेत ‘कृपा’ म्हणतात ती इथेच सुरू होते. जे कमावलेलं नाही आणि ज्यावर आपला हक्कही नाही, ते मिळणं म्हणजे कृपा.

मूळ ग्रीक शब्द ‘खारिस’. त्याला धर्मविचाराचं वजन दिलं पौलाने. हा माणूस आधी ख्रिस्ताच्या शिष्यांना पकडायला दिमिष्काला, म्हणजे दमास्कसला, निघाला होता, आणि त्याला ख्रिस्ताचं बोलावणं आलं ते त्याच वाटेवर. रोमकरांस पत्र त्याने इ. स. ५७ च्या आसपास लिहिलं, त्यातही भाषा मजुरीचीच आहे. काम करणाऱ्याला मिळतं ते त्याचं येणं असतं, मेहरबानी नव्हे, असं तो चौथ्या अध्यायात म्हणतो. सहाव्या अध्यायात पापाला ‘वेतन’ आहे, मरण. देवाकडून येतं ते ‘कृपादान’.

मग माणसाने करायचं तरी काय? सुमारे साडेतीनशे वर्षांनी यावरून मोठा वाद पेटला. आज्ञा दिली आहे तर ती पाळण्याची ताकदही माणसात असलीच पाहिजे, असं पेलागियस या ख्रिस्ती साधूचं म्हणणं. उत्तर आफ्रिकेतल्या हिप्पोचा बिशप ऑगस्टिन मात्र प्रार्थना करायचा, ‘तू सांगतोस ते करायचं बळ दे, मग हवं ते सांग.’ नुसती इच्छा होणं हीसुद्धा त्याच्या लेखी कृपाच होती. ४१८ मध्ये कार्थेजच्या धर्मसभेने पेलागियसची मतं नाकारली.

१५१७ चा वाद सगळ्यांना ठाऊक आहे. पापाच्या शिक्षेतून सूट देणारी पत्रं पैसे घेऊन वाटली जात होती, त्याविरुद्ध जर्मन धर्मगुरू मार्टिन ल्यूथर उभा राहिला, आणि त्यातून प्रॉटेस्टंट पंथ निघाले. १५४७ मध्ये ट्रेंटच्या धर्मसभेने कॅथलिक बाजूने उत्तर दिलं: कृपा पहिली, पण तिला माणसाने साथही द्यायला हवी.

या भांडणाच्या दोन्ही बाजू ठाण्यात पोहोचल्या. मासुंदा तलावाजवळचं सेंट जॉन द बाप्टिस्ट चर्च पोर्तुगीज काळातल्या फ्रान्सिस्कन धर्मगुरूंच्या परंपरेतलं. ज्याने यार्देनकाठी ‘पश्चात्ताप करा’ म्हणून हाक दिली, त्या योहानाचं नाव या चर्चला आहे. सेंट जेम्स चर्च इंग्रजी अमदानीतलं, अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या प्रॉटेस्टंट परंपरेतलं. त्याचं समर्पण १८२५ मध्ये बिशप हेबर यांच्या हस्ते झालं. १९७० पासून ते चर्च ऑफ नॉर्थ इंडियात आहे.

मराठीला मात्र हा विचार परका वाटला नाही, कारण ‘पतितपावन’ हा शब्द इथे घरोघरी होताच. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेले नारायण वामन टिळक तर म्हणत की तुकारामांच्या सेतूवरून ते ख्रिस्तापाशी आले. ‘कृपा’ हा शब्द वारकऱ्यांच्या आणि ख्रिस्ती उपासकांच्या तोंडी सारखाच बसतो, याचं मला फार अप्रूप वाटतं.

३१ ऑक्टोबर १९९९ रोजी आउग्सबुर्गमध्ये कॅथलिक चर्च आणि लूथरन महासंघाने एका संयुक्त जाहीरनाम्यावर सह्या केल्या. देव आपल्याला स्वीकारतो ते आपल्या कसल्याही गुणामुळे नाही, केवळ कृपेने, हे दोघांनी मिळून मान्य केलं.

क्षमेची बाजू मराठी बायबलात एका शब्दात सापडते. प्रभूच्या प्रार्थनेत पापाला ‘ऋण’ म्हटलं आहे: ‘तू आमची ऋणे आम्हांस सोड.’ मत्तयाच्याच अठराव्या अध्यायात एका चाकरावर दहा हजार तालांतांचं कर्ज आहे. एक तालांत म्हणजे सुमारे सहा हजार दीनार, तेव्हा हे सहा कोटी दिवसांचे रोज झाले. नाक्यावरच्या माणसाला ते दीड लाख वर्षांतही फिटायचं नाही. त्याने मुदत मागितली. राजाने सातबाराच कोरा केला. बाहेर पडताच त्याला सोबतीचा चाकर दिसला, ज्याच्याकडून याचे शंभर दीनार येणं होतं. याने त्याची नरडी धरली.